कूलरची हवा चिकट का होते? कारणे, निदान आणि उपाय

पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर हे कोरड्या हवेचे यंत्र आहे. हवा कोरडी असेपर्यंत तो अल्प विजेत उत्तम गारवा देतो. हवेत ओल वाढू लागली की तोच कूलर, कोणताही बिघाड नसताना, खोली दमट करू लागतो. अंथरूण ओलसर लागते, कागद मऊ पडतात, अंगावरचा घाम सुकत नाही आणि यंत्र चालू असूनही जीव घुसमटतो. अशा वेळी बहुतेक घरांत पंप बदलला जातो, नवे पॅड बसविले जातात किंवा पंख्याची गती वाढविली जाते. मूळ कारण मात्र यंत्रात कमी वेळा आणि हवेच्या वाटेत अधिक वेळा असते. म्हणून दोष शोधताना ठरावीक क्रम पाळला, तर खर्च वाचतो आणि धोकाही टळतो.

हा विषय समजून घेण्यासाठी ग्वाल्हेरच्या टोपी बाजाराचे उदाहरण सोयीचे आहे. तेथे एकाच वर्षात कूलरची दोन्ही रूपे दिसतात.

टोपी बाजार आणि तेथील हवा

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या सैन्याची छावणी वसविली. त्या छावणीतून उभे राहिलेले शहर आजही ‘लष्कर’ याच नावाने ओळखले जाते. महाराज बाडा हा लष्करचा मध्यवर्ती चौक असून टोपी बाजार ही त्याच्या निकटची जुनी पेठ आहे. शिंदे सरकारबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांमुळे या परिसराशी मराठी समाजाचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. गोमंतकीयांनाही हे शहर अगदीच परके नाही. भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचे मुख्यालय ग्वाल्हेरला असून गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था तिच्याच छत्राखाली चालते. १९५७ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेतही देशभरातून विद्यार्थी जातात. गोव्याहून तेथे शिकायला वा नोकरीला गेलेल्या माणसाची कूलरशी गाठ पहिल्याच उन्हाळ्यात पडते.

ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. मे आणि जूनच्या पूर्वार्धात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि दुपारी ‘लू’ वाहते. सामान्यतः जूनअखेरीस मोसमी पाऊस पोहोचतो. तापमान दहा अंशांनी उतरते. पण हवेतील बाष्प कितीतरी वाढते. पावसाने उघडीप दिली की ऊन आणि ओल एकत्र येतात. त्या उमशीच्या दिवसांत मे महिन्यात वरदान ठरलेला कूलर नकोसा होतो.

पेठेतील घरांची रचना या त्रासात भर घालते. जुन्या दाट बाजारपेठांत भिंतीला भिंत लागून घरे असतात, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. खिडक्या मुख्यतः गल्लीच्या बाजूला. कूलर त्याच खिडकीत बसतो आणि आत आलेल्या हवेला बाहेर पडायला दुसरी वाट उरत नाही.

कूलर गारवा कसा देतो

पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. एक लिटर पाणी हवेत विरून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेते. कूलरमधील पंप टाकीतील पाणी पॅडवर सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या पॅडमधून खेचतो आणि बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. हवा गार होते. परंतु त्याच प्रमाणात तिच्यात बाष्पही मिसळते. कूलरचा गारवा आणि कूलरची ओल या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो.

हे तत्त्व जुने आहे. उत्तर भारतात वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची प्रथा मोगल काळापासून होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ नावाची लाकडी पेटी असे. तिच्यात हाताने फिरवायचा पंखा आणि ओल्या वाळ्याचे पडदे बसविलेले असत. आजचा कूलर हा त्याच पेटीचा विजेवर चालणारा वंशज होय. ताट्यांच्या काळी मागचे दार वा चौक उघडा असे, त्यामुळे ओली हवा साचत नसे. खिडकीला काचा आणि दाराला पडदे आले, तेव्हा ही वाट बुजली.

मे आणि जुलै: आकड्यांतील फरक

कूलर हवा किती गार करू शकतो, हे ‘ओल्या फडक्याच्या तापमाना’वरून ठरते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा ज्या अंशावर स्थिरावतो, ते हे तापमान. चांगल्या स्थितीतील कूलर साध्या आणि ओल्या तापमानातील फरकाच्या साधारण तीन चतुर्थांश इतकी हवा उतरवतो.

मे महिन्यातील एक दुपार धरू: बाहेर ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २१.५ अंश येते. फरक वीस अंशांहून अधिक. कूलरच्या तोंडाशी हवा २७ अंशांच्या जवळ मिळते आणि तिची आर्द्रता सुमारे ६५ टक्के असते. खोलीत फिरताना ती थोडी तापते आणि आर्द्रता पन्नाशीच्या आसपास येते. ही हवा माणसाला सुखावते.

आता जुलैतील दुपार: बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के. ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २९ अंश. फरक जेमतेम पाच. कूलर हवा ३० अंशांपर्यंतच आणू शकतो. पण तिची आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. पंप तोच, पॅड तेच, वीजही तेवढीच, आणि हाती आलेला गारवा चार अंशांचा. एवढ्यासाठी खोली जवळपास बाष्पाने भरून जाते. या स्थितीत कूलरला नादुरुस्त म्हणणे म्हणजे भरलेल्या घागरीला पाणी घेत नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे.

दमट खोलीचा धोका

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. शरीर स्वतःला गार ठेवते ते घाम सुकवून. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर जाते. हवा बाष्पाने भरलेली असली की घाम येतो, पण सुकत नाही. तो नुसता ओघळतो. शरीरातले पाणी आणि क्षार मात्र जातच राहतात. वृद्ध, तान्ही मुले, हृदयविकार असलेले रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेली माणसे यांना बंद, दमट खोलीत उष्णतेचा आघात होऊ शकतो. कूलर चालू आहे म्हणून घरातील मंडळी निर्धास्त राहतात, हा त्यातील मोठा धोका. डोके गरगरणे, मळमळ, असंबद्ध बोलणे, ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणून अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

दुसरा धोका बुरशीचा. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी, शक्य तर ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सुचविते. ती दिवसेंदिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की भिंतींचे कोपरे, कपाटांच्या पाठी, गाद्या आणि पुस्तके यांवर बुरशी धरते. दमा आणि ॲलर्जी असणाऱ्यांचा त्रास वाढतो. दुकानात कापड, कागद वा चामड्याचा माल असेल, तर नुकसान थेट हिशेबात उतरते. संगीताची परंपरा जपणाऱ्या ग्वाल्हेरसारख्या शहरात तंबोरा, तबला, सरोद यांसारख्या लाकूड आणि चामडे वापरलेल्या वाद्यांनाही ही ओल बाधते. सूर उतरतात, चामडे सैल पडते.

पहिली पायरी: मोजमाप

हवा दमट आहे की नुसती गरम, हे अंगाला नेहमी अचूक कळत नाही. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीच्या मध्यभागी, कूलरच्या झोतापासून दूर, बसल्यावर डोके येते त्या उंचीवर ठेवावा. तो बरोबर दाखवतो का, याची चाचणी घरीच करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते ओले होईल, पण विरघळणार नाही इतके पाणी घालावे. हे झाकण आणि मापक दोन्ही एका घट्ट बंद डब्यात आठ-दहा तास ठेवावे. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. जेवढा फरक दिसेल, तेवढी दुरुस्ती पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावी.

मापक नसेल तर दोन साधे तापमापक पुरतात. एक कोरडा ठेवावा आणि दुसऱ्याच्या फुग्याला स्वच्छ पाण्यात भिजवलेले मलमलचे फडके गुंडाळावे. दोन्ही खिडकीबाहेर सावलीत धरून तीन-चार मिनिटे वारा घालावा. दोन्ही आकड्यांत बारा अंशांहून अधिक फरक असेल, तर कूलर पाण्यासह चालवावा. फरक सहा ते बारा अंश असेल, तर पंप थांबून थांबून चालवावा. सहा अंशांहून कमी असेल, तर पंप बंद ठेवावा. ही काटेकोर सीमारेषा नव्हे, व्यवहारातील ठोकताळा आहे. पण त्यावरून कूलरच्या मर्यादेची कल्पना लगेच येते.

बाहेरची हवा कोरडी असूनही खोली दमट असेल, तर दोष घरात किंवा यंत्रात आहे असे समजावे आणि पुढील पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी: हवेची वाट

वातानुकूलन यंत्र चालविताना दारे-खिडक्या बंद करायच्या असतात. तीच सवय कूलरला लावणे, ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो. तेवढीच हवा खोलीबाहेर गेली पाहिजे. वाट नसेल तर आतली ओली हवा साचते, नव्या कोरड्या हवेला जागा मिळत नाही आणि पंखा नुसता धडपडतो.

किती वाट हवी, याचाही ठोकताळा आहे. तासाला ३,००० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरसाठी दोन ते चार चौरस फुटांची मोकळी जागा असावी. ही जागा कूलरच्या समोरच्या बाजूला, शक्यतो उंचावर असावी; म्हणजे हवा संपूर्ण खोली ओलांडून बाहेर जाते. कूलरच्या शेजारचीच खिडकी उघडली, तर हवा आल्या पावली परत जाते आणि खोलीचा दूरचा कोपरा तसाच कुबट राहतो.

चाचणी सोपी आहे. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापून बाहेर जाण्याच्या वाटेत धरावी. ती बाहेरच्या दिशेने नीट फडफडली, तर वाट पुरेशी आहे. ती लोंबकळत राहिली, तर हवा अन्यत्र अडते आहे किंवा पंखाच कमी हवा देतो आहे. दार हातातून सुटताच जोराने आपटत असेल, तर आत दाब साचला आहे, वाट वाढवावी.

टोपी बाजारासारख्या पेठेत समोरच्या भिंतीला खिडकीच नसते, अशा वेळी जिना कामी येतो. खोलीचे जिन्याकडील दार आणि गच्चीवरचे दार थोडे उघडे ठेवले, की जिना धुराड्यासारखे काम करतो. वर चढणारी हवा खोलीतील ओल बरोबर नेते. चौक असलेल्या जुन्या घरात चौकाकडची झडप उघडली तरी हाच परिणाम साधतो. हेही शक्य नसल्यास समोरच्या भिंतीत उंचावर एक्झॉस्ट पंखा बसवावा. गच्चीच्या दाराला जाळी लावली, म्हणजे डास आणि माकडे या दोहोंचा बंदोबस्त होतो.

तिसरी पायरी: कूलरची जागा

कूलरची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे असली पाहिजे. संपूर्ण कूलर खोलीतच ठेवला, तर तो खोलीतील हवाच पुन्हा पुन्हा ओली करतो. पहिल्या अर्ध्या तासात गार वाटते, नंतर गारवा संपतो आणि ओल तेवढी उरते. चाकांचे छोटे कूलर विकत घेणाऱ्यांची तक्रार बहुधा हीच असते. असा कूलर उघड्या खिडकीला पाठ लावून ठेवल्यास फरक लगेच जाणवतो.

बंदिस्त गॅलरी, न्हाणीघराचा झरोका, स्वयंपाकघराचा धूर सोडणारा पंखा किंवा शेजाऱ्याच्या कूलरची बाहेर पडणारी हवा यांच्या समोर कूलरची पाठ आली, तर त्याला आधीच ओलावलेली हवा मिळते. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी कूलर चालतात, तेव्हा गल्लीतील हवाच हळूहळू दमट होते. शक्य असेल तेथे कूलर वरच्या मजल्यावर, वारा लागेल अशा सज्जात आणि सावलीत बसविणे श्रेयस्कर.

चौथी पायरी: पाणी, पॅड आणि पंप

वाट आणि जागा योग्य असूनही ओल कमी होत नसेल, तरच यंत्र उघडावे. त्याआधी प्लग काढून ठेवणे अनिवार्य आहे.

झोतासमोर कोरडा कागद धरल्यावर त्यावर थेंब उमटले, तर कूलर बाष्पाबरोबर पाण्याचे तुषारही फेकत आहे. पॅड फाटलेले किंवा खाली सरकलेले असणे, वरच्या नळीतून पाणी अति प्रमाणात येणे, किंवा नळीची भोके चुकीच्या बाजूला वळलेली असणे, ही त्याची नेहमीची कारणे. पॅड सर्वत्र सारखे भिजावे, पण त्यातून पाण्याच्या धारा पंख्याकडे येऊ नयेत. नळीवरील तोटी असल्यास ती थोडी आवळावी.

पाणी जड असेल, तर पॅडवर पांढरा थर चढतो. काही भाग कोरडा राहतो, काही भागातून पाणी ओघळते. गारवा घटतो, म्हणून पंप अधिक वेळ चालविला जातो आणि खोलीत ओल वाढते. लाकडी तंतूंचे किंवा वाळ्याचे पॅड दर मोसमात बदलावेत. मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड काही मोसम टिकतात; पण तेही थर चढून कडक झाले की बदलणे भाग असते. टाकीतील थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतो. कुबट वास येऊ लागला, तर पॅडवर शेवाळ वा बुरशी धरली आहे असे समजावे. वासावर अत्तर ओतणे हा उपाय नव्हे.

टाकीतील बॉल कॉक अडकला, तर पाणी भरतच राहते, सांडते आणि भिंतीत वा लाकडी तुळयांत मुरते. ही ओल कूलर बंद केल्यावरही आठवडाभर खोलीत राहते. खिडकीखालच्या भिंतीचा रंग फुगलेला दिसल्यास प्रथम बॉल कॉक तपासावा.

काही नव्या कूलरवर ‘ह्युमिडिटी कंट्रोल’ असे बटण असते. त्याचे काम बहुधा ठरावीक अंतराने पंप थांबविणे एवढेच असते; ते यंत्र हवेतील बाष्प काढून घेत नाही. बटण दाबूनही पाणी वाहतच राहिले, तर स्विच किंवा त्याची तार तपासून घ्यावी.

पाचवी पायरी: ओलीचे इतर स्रोत

दोषाचे सर्व खापर कूलरवर फोडण्याआधी घरातील इतर ओल पाहावी. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलोहून थोडे अधिक पाणी हवेत मिसळते, म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत घरात २२ लिटरांच्या आसपास पाणी सुटते. भाताच्या वाफेचा आणि उकळत्या पाण्याचा भाग निराळा. खोलीत वाळत घातलेले कपडे, गळकी गच्ची, न्हाणीघराचे सदैव उघडे दार आणि एकाच खोलीत झोपणारी पाच-सहा माणसे यांचाही वाटा मोठा असतो. कूलर दिवसभर बंद ठेवूनही मापकाचा आकडा उतरला नाही, तर शोध या दिशेने करावा.

पावसाळ्यात: पंप बंद, पंखा चालू

उमशीच्या दिवसांत बहुतेक वेळा उत्तम उपाय हाच असतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल, तर कोरडा वाराही अंगातील उष्णता नेतो आणि घाम सुकण्यास मदत करतो. म्हणून ३२-३३ अंशांच्या दमट दिवशी कूलरचा पंप बंद करून केवळ पंखा चालवावा. पॅड सुकेपर्यंत काही वेळ ओल येत राहील. ते शक्य असल्यास काढून ठेवावेत, म्हणजे हवाही अधिक येते. मे महिन्यातील ४२ अंशांच्या दुपारी मात्र हीच युक्ती उलटते. तेव्हा कोरडा पंखा भट्टीची हवा अंगावर घालतो आणि पाणी आवश्यक ठरते.

कूलर आणि वातानुकूलन यंत्र एकाच खोलीत एकाच वेळी चालवू नये. एक बाष्प घालतो, दुसरे ते काढण्यात वीज घालवते.

वीज आणि डास

पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आल्यामुळे कूलरचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. पाणी भरताना, पॅडला हात लावताना किंवा कूलर सरकविताना प्लग काढलेलाच असावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतील अर्थिंग हवेच. घराच्या वीजफलकात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला, तर गळती होताच वीज तुटते. अनवाणी पायांनी ओल्या जमिनीवर उभे राहून कूलरला हात लावू नये, ही सूचना मुलांनाही द्यावी.

डेंग्यू पसरविणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या कडा घासाव्यात. अंडी पाण्याच्या पातळीवर कडेला चिकटतात आणि कोरडेपणातही महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून देणे अपुरे पडते. पंप बंद केलेला कूलर पावसाळ्यात विसरला जातो आणि त्याच्या तळाशी उरलेले पाणी डासांचे घर बनते. मोसम संपल्यावर टाकी कोरडी करून पुसून, पॅड काढून ठेवणे हा कूलरच्या देखभालीचाच भाग समजावा.

थंड देशांतील हाच प्रश्न

कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या मराठी आणि गोमंतकीय कुटुंबांना हीच तक्रार हिवाळ्यात भेटते. तेथे घर तापविणाऱ्या भट्टीच्या वाहिनीला ‘ह्युमिडिफायर’ जोडलेला असतो. तापवलेली हवा फार कोरडी होते, म्हणून तो तिच्यात बाष्प मिसळतो. बाष्प अधिक झाले की खिडक्यांच्या काचांवर पाणी जमते, चौकटी कुजतात आणि छताच्या कोपऱ्यांत बुरशी येते.

तेथील नियम असा की बाहेर थंडी जितकी अधिक, तितकी आतली आर्द्रता कमी ठेवावी. बाहेर उणे ७ अंश असता सुमारे ३५ टक्के, उणे १८ असता २५ टक्के आणि उणे २३ असता २० टक्के, असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. काचेवर पाणी दिसताच नियंत्रक खाली आणावा. तो पूर्ण बंद करूनही यंत्रातून निचऱ्याच्या नळीत पाणी ठिबकत असेल, तर पाण्याचा विद्युत-झडपा अडकला आहे किंवा नियंत्रकाची तार चिकटली आहे. पाण्याचा नळ बंद करून कारागीर बोलवावा. उन्हाळ्यात यंत्राची झडप बंद करावयाची असते आणि ती उघडी राहिल्यानेही घर दमट होते. कूलर आणि ह्युमिडिफायर यांचे हेतू उलट असले, तरी निदानाचा क्रम तोच: आधी मोजमाप, मग हवा, शेवटी यंत्र.

गोव्यातील घरांसाठी

गोव्यात मे महिन्याच्या दुपारी तापमान ३३ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता बहुधा ६५ ते ७० टक्के असते. ही स्थिती जवळपास ग्वाल्हेरच्या जुलैसारखी आहे. अशा हवेत उत्तम कूलरही तीन-चार अंशांपलीकडे गारवा देऊ शकत नाही. दुकानात झोतासमोर उभे राहिल्यावर वाटणारा गारवा मुख्यतः वाऱ्याचा असतो; तो साध्या पंख्यानेही मिळतो. किनाऱ्यापासून दूरच्या तालुक्यांत कोरड्या दुपारी कूलरचा काहीसा उपयोग होतो. परंतु तेथेही खिडक्या उघड्या ठेवूनच आणि दोन तापमापकांची चाचणी घेऊनच तो वापरावा.

पावसाळ्यात गोव्याच्या घराला ओल घालण्याची नव्हे, ती काढण्याची गरज असते. त्यासाठी समोरासमोरच्या खिडक्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंखे, तसेच वातानुकूलन यंत्रातील ‘ड्राय’ पद्धत उपयोगी पडते. कागदपत्रे, पोथ्या आणि वाद्ये असलेल्या खोलीसाठी हवेतील बाष्प काढणारे स्वतंत्र यंत्र घेता येते. त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते.

ग्वाल्हेरला राहणाऱ्या मुलाने वा नातलगाने कूलर बिघडल्याची तक्रार केली, तर कारागिराचा शोध घेण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत. बाहेर पाऊस सुरू झाला आहे का? कूलरसमोरचे दार उघडे आहे का? कूलरची पाठ मोकळ्या हवेकडे आहे का? बहुतेक वेळा दुरुस्ती या तीन उत्तरांतच सापडते.